वाटा आणि सेवा



गेले तीन दिवस या मंडपात भक्ती, ज्ञान आणि वैराग्य या विषयांवर अधिकारी पुरुषांची प्रवचने झाली. माझ्या वाट्याला महाराजांनी जो विषय दिला आहे, तो सभेत उच्चारला की मागच्या रांगेतील मंडळी हळूच उठून प्रसादाची चौकशी करावयास जातात. आपल्या पश्चात मालमत्तेची व्यवस्था कशी असावी, आणि घरातील माणूस वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळले तर त्याची शुश्रूषा कोणी व कशाच्या बळावर करावी, हा तो विषय होय. मी पाठशाळेत मुलांना याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय शिकवितो. वय छत्तीस. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळजण माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, आणि त्यांच्यापुढे मृत्युपत्राची गोष्ट काढणे मला संकोचाचे वाटते. शिवाय आपल्या मराठीने या कागदाला नावच असे ठेविले आहे की ते घेताच घरातील वडीलधारी माणसे 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून गप्प करितात. ग्वाल्हेरीत आपण हिंदीच्या शेजाराने 'वसीयत' म्हणतो ते एका परीने बरे. त्यात निदान मृत्यूचे नाव नाही.

तथापि हा विषय मठाच्या उंबरठ्याबाहेरचा आहे असे कोणी समजू नये. बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद आपणांस ठाऊक आहे. धनाने अमृतत्व मिळेल काय, हा मैत्रेयीचा प्रश्न आपण कीर्तनांतून शेकडो वेळा ऐकला आहे. परंतु तो प्रश्न उत्पन्न कशामुळे झाला? गृहस्थाश्रम सोडून निघालेले याज्ञवल्क्य प्रथम मैत्रेयीला हाक मारून सांगतात की, मी आता जाणार आहे. तत्पूर्वी तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. ब्रह्मविद्येचा तो सर्व थोर उपदेश एका घरगुती व्यवस्थेच्या बोलण्यातून उगवला आहे. आपण पुढचे अमृतत्व तेवढे उचलले आणि आधीची वाटणी गाळली. मैत्रेयीने धन नाकारले हे खरे. पण कात्यायनीने नाकारल्याचे उपनिषद सांगत नाही, आणि तिची सोय न लाविता ऋषी घराबाहेर पडणार नव्हते, एवढे त्यातून स्पष्ट दिसते.

कौटिल्य तर याहून रोखठोक आहे. बायकामुलांची तरतूद न करिता जो प्रव्रज्या घेईल, त्याला अर्थशास्त्राने प्रथम प्रतीचा साहसदंड सांगितला आहे. वैराग्यालादेखील आधी घरचा हिशेब चुकता करावा लागत असे!

आता एक गोष्ट ऐकून आपणांस नवल वाटेल. आपल्या धर्मशास्त्रात आजच्या अर्थाचे मृत्युपत्र नाही. पित्याने हयातीत केलेला विभाग आहे, त्याच्या पश्चात पुत्रांनी केलेला विभाग आहे, दान आहे. परंतु 'मी मेल्यावर अमुक वस्तू अमक्याला' असे लिहून ठेवण्याची रीत प्राचीन स्मृतिकारांनी सांगितलेली नाही. ती इंग्रजी अमदानीत रुळली आणि १८७० साली हिंदूंच्या मृत्युपत्रांविषयी स्वतंत्र कायदा झाला. मग पूर्वी लोकांचे चालत कसे असे? माझ्या मते याचे कारण असे की शास्त्राने मालमत्ता आणि पोषणाचा भार ही दोन्ही एकाच दाव्याला बांधून ठेविली होती. जो वाटा घेईल त्याने ऋण फेडावे आणि घरातील असहायांना पोसावे. पित्याच्या पश्चात मुलगे वाटणी करू लागले तर मातेलाही त्यांच्याबरोबरीचा वाटा द्यावा, असे याज्ञवल्क्य सांगतो. विज्ञानेश्वराने त्यावर चालुक्यांच्या कल्याणी नगरीत मिताक्षरा लिहिली. पुढे सतराव्या शतकात नीलकंठभट्टांनी व्यवहारमयूख रचिला. हे घराणे मूळचे आपल्या पैठणचे, काशीस स्थायिक झालेले. आणि त्यांचा आश्रयदाता राजा यमुना-चंबळेच्या संगमाजवळील भरेह येथला, म्हणजे आपल्या ग्वाल्हेरहून फार दूरचा नव्हे. मुंबई इलाख्यातील न्यायालयांत ज्या ग्रंथाला एवढा मान मिळाला, तो चंबळेकाठच्या राजाच्या आश्रयाने लिहिला गेला, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी मला तिचा आनंद होतो.

याच व्यवहाराध्यायात दानाचा एक नियम आहे, आणि मठाच्या उत्सवात तो मोठ्याने सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. स्वतःचे धनसुद्धा कुटुंबाच्या पोषणास बाध येणार नाही अशा बेतानेच द्यावे, आणि संतती असताना सर्वस्व देऊ नये. याचा अर्थ सरळ आहे. ज्याच्या घरी वृद्ध मातेच्या औषधाची भ्रांत आहे, त्याने येथे सभामंडपासाठी दिलेली देणगी शास्त्राला मान्य नाही. ती आमच्या पावतीपुस्तकात कितीही शोभून दिसली तरी नाही. आमचे व्यवस्थापक समोरच बसले आहेत, ते मला क्षमा करतील.

वाटा आणि भार यांची ही गाठ सुटली म्हणजे काय होते, हे पाहावयास ग्वाल्हेरकराला परगावी जाण्याचे कारण नाही. महादजी शिंदे यांच्यासारखा कर्ता पुरुष १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे वारला. पुत्र नव्हता. भावाचा नातू दौलतराव गादीवर आला. वय जेमतेम पंधरा. महादजींच्या विधवा स्त्रिया त्याच्याच आश्रयाला राहिल्या आणि त्यांच्या निर्वाहाची भरपूर तरतूद करण्याचे वचन त्याने दिले. वचन तोंडचे होते. नेमणूक ठरेना, उलट नित्याच्या सोयींतही काटछाट होऊ लागली. तंटा विकोपास जाऊन १७९८ मध्ये त्यांच्याशी दांडगाई झाली, फौजेतील जुने सरदार त्यांच्या बाजूने उठले, आणि इतिहासात ज्याला 'बायांचे बंड' म्हणतात ते दोन वर्षे पेटले. त्या बंडाला दुसरीही कारणे होती, राजकारण होते, मत्सर होता, हे मी नाकारीत नाही. परंतु मुळाशी पाहिले तर गादी एकाला मिळाली आणि वृद्ध स्त्रियांचा निर्वाह कोणाच्याच कागदावर आला नाही, ही गोष्ट उरतेच.

त्याच दौलतरावाने पुढे येथे छावणी टाकली, आणि त्या छावणीचे आपले लष्कर झाले. तो अखेरच्या दिवसांत दीर्घकाळ आजारी होता. दत्तक घ्या म्हणून इंग्रज रेसिडेंट मागे लागला. त्याने तो विषय पुढे ढकलला. २१ मार्च १८२७ रोजी तो निर्णयावाचून गेला. बायजाबाईंनी जूनमध्ये मुलगा दत्तक घेतला, तेच जनकोजीराव. आई आणि दत्तकपुत्र यांच्या अधिकाराची मर्यादा कोणी ठरविली नव्हती. कलह माजून १८३३ साली बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. जनकोजीरावांनीही तोच कित्ता गिरविला. ७ फेब्रुवारी १८४३ रोजी तेही अपत्य व दत्तक यांवाचून वारले. मागे उरली तेरा वर्षांच्या सुमाराची पत्नी ताराबाई. तिने आठ वर्षांच्या जयाजीरावांना मांडीवर घेतले. कारभार कोणी पाहावा यावरून दरबारात फळी पडली, आणि वर्ष संपण्यापूर्वी २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनिहार या दोन ठिकाणी एकाच दिवशी इंग्रजी फौजेशी लढाया होऊन ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव झाला. हे सर्व मी कोणा घराण्याच्या निंदेसाठी सांगत नाही. एवढ्या मोठ्या दौलतीत कारकून, शास्त्री, वकील यांना तोटा नव्हता. उणीव होती ती केवळ 'माझ्यानंतर' हा शब्द तोंडाबाहेर काढण्याची.

आणि श्रोतेहो, हा शब्द आमच्या घरीही कोणी काढला नाही.

माझे वडील शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर लष्करातील आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर ते मुलांना रामरक्षा शिकवीत. त्यांना पक्षाघात झाला; उजवे अंग गेले, वाचा गेली, आणि हळूहळू समजही मंदावली. तीन वर्षे दोन महिने ते अंथरुणावर होते. त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा बँकेत जमा होत असे आणि तेथे ठेवही होती. खाते मात्र त्यांच्या एकट्याच्या नावे. मुखत्यारपत्र करावे म्हणून दादा आणि मी वकिलाकडे गेलो, तेव्हा त्याने सांगितले की, ज्याला आपण काय लिहून देतो हे समजत नाही त्याचे मुखत्यारपत्र होत नाही. इतकेच नव्हे, आधी केलेले असते तरी १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारी संपते. अशा माणसासाठी पालक नेमून घ्यावयाचा तर उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. घरापासून हाकेच्या अंतरावर वडिलांचे स्वतःचे पैसे पडून होते, आणि परिचारकाच्या पगारासाठी वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. खाते पूर्वीच दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो' अशा रीतीने केलेले असते, तर हे टळले असते. त्या कामाला बँकेत फार तर एक सकाळ लागली असती.

परिचारक दिवसाचा. रात्री कोण? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागे. ती वहिनी बदलीत. त्या वर्षी पाठशाळेत मी दायविभाग शिकवीत होतो. वृद्ध मातापित्यांचे पोषण शंभर अकार्ये करूनही करावे, असे मनूच्या नावाने सांगितलेले वचन मी मुलांकडून घोकून घेत असे, आणि मठातच निजत असे. सकाळी घरी गेलो की वहिनी मला चहा देत. मी त्यांचे डोळे पाहिले नाहीत असे नाही.

वडील गेले. मृत्युपत्र नव्हते. आई पूर्वीच वारलेली. १७ जून १९५६ पासून लागू असलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगे, मुलगी, विधवा पत्नी आणि माता हे पहिल्या वर्गातील वारस. म्हणून दादा, मी आणि इंदुरास दिलेली ताई असे आम्ही तिघे सारखे वाटेकरी झालो. ताईने आपला वाटा मागितला. आप्तांनी तिला नावे ठेविली. पण तिची मागणी पूर्णपणे न्यायाची होती, आणि मी तेव्हाही तसेच म्हणालो. प्रश्न निराळाच होता. त्या कायद्याच्या वारसयादीत नवरा जिवंत असलेली सून कोठेच नाही. जिने तीन वर्षे रात्री जागविल्या तिला स्वतःच्या नावाने एक विटकरही मिळत नव्हती. वडील लिहून ठेवते तरच मिळाली असती. आणि शुद्धीवर असताना ते सर्वांदेखत म्हणत की, सूनबाई म्हणजे माझी लेकच. तोंडच्या वचनाचे मोल किती, हे महादजींच्या स्त्रियांपासून आमच्या वहिनींपर्यंत सारखेच ठरले.

म्हणून आता व्यवहाराचे सांगतो. मृत्युपत्र करणे लोक समजतात तितके अवघड नाही. साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांनी करणाऱ्याची सही पाहून आपल्या सह्या केल्या पाहिजेत, ही अट मात्र कसोशीने पाळावी. ज्यांना काही मिळावयाचे आहे त्यांना साक्षीला न घेणे शहाणपणाचे. तंट्याची शंका असेल तर नोंदणी करून टाकावी. मन बदलले तर दुसरे करावे. शेवटचे ते खरे. वडिलोपार्जित एकत्र मिळकत असेल तर २००५ च्या सुधारणेपासून मुलगीही जन्मतःच सहदायाद आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क निःसंदिग्ध केला आहे. तेव्हा तिचा भाग दुसऱ्या कोणाला लिहून देण्याच्या भरीस पडू नये. बँकेत ज्याचे नाव लाविले तो मालक झाला, हा समज तर ग्वाल्हेरीत घरोघर आहे. तो केवळ रक्कम स्वीकारणारा. हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांचा. नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार नावे लाविता येतात, पण चार झाली म्हणून ती मालकी होत नाही.

याहून मोठा धोका हयातीत घर देऊन टाकण्याचा आहे. मृत्युपत्र फाडता येते, पण नोंदविलेले दानपत्र सहसा परत घेता येत नाही. आपल्याच प्रांतातील छतरपूरचे एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. एका मातेने १९६८ साली घेतलेली मिळकत सप्टेंबर २०१९ मध्ये मुलाला दानपत्राने दिली. आईवडिलांची आजन्म सेवा करीन, न केल्यास आईने दान परत घ्यावे, असे वचनपत्र त्याच दिवशी झाल्याचे तिचे म्हणणे. ते बनावट आहे, असे मुलाचे. पुढे तिला अधिकाऱ्याच्या दाराशी जावे लागले. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याचे तेविसावे कलम सांगते की, सेवेच्या अटीवर दिलेली मिळकत सेवा न झाल्यास परत मिळविता येते. खाली ती जिंकली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे हरली, कारण अट खुद्द दानपत्रात नव्हती. आणि २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकली. न्याय मिळाला खरा, पण वृद्ध स्त्रीला त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले. ती एक ओळ दानपत्रातच असती तर? म्हणून हयातीत द्यावयाचेच असेल, तर सेवेची अट, राहण्याचा हक्क आणि दरमहाचा खर्च त्याच कागदात उतरवावा. मुलगा रागावेल म्हणून अट गाळू नये. जो अटीला रागावतो त्याच्याविषयी तेवढे तरी आधी कळले!

शुश्रूषेचे पैसे कोठून येतील, याचाही विचार आधीच केला पाहिजे. सत्तर वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत दरसाल पाच लक्षांपर्यंत उपचार मिळतात, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु ते रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी. घरी तीन वर्षे कूस बदलणाऱ्या हातांना त्यातून काही मिळत नाही. आपल्या देशात साठीपुढील सुमारे अठ्ठ्याऐंशी लक्ष लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांपैकी बहुतेक घरीच आहेत. तेव्हा माझी विनंती अशी की, मृत्युपत्राच्या शेजारी दुसरा एक कागद असावा. त्याला न्यायालयात किंमत नसली तरी चालेल. वडीलधाऱ्यांनी सर्व मुलांना, सुनांना, जावयांना एका दिवाळीला समोर बसवून त्यात लिहावे: अंथरुण धरले तर कोठे राहीन, दिवसा कोण, रात्री कोण, दूर असलेला दरमहा किती पाठवील, आणि जो जागेल त्याला मालमत्तेत काय मिळेल. शेवटच्या आजारात कृत्रिम श्वासाने किती काळ जगवावे, याविषयीही आपली इच्छा आता लिहून ठेविता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही, एवढे पुरते. हा निर्णय मुलांवर टाकू नका. आयुष्यभर ते एकमेकांना विचारीत राहतात की, आपण घाई तर केली नाही?

माझ्या वाट्याचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. माझा तिसरा हिस्सा मठाला अर्पण करावा अशा हेतूने मी कागद तयार करून महाराजांच्या पायांशी ठेविला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. एवढेच म्हणाले, "आधी वहिनींना विचारून ये."

मी विचारले. तो हिस्सा त्यांच्या नावे करण्याचा कागद घेऊनच गेलो होतो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, कागद करताच आहात, तर मी पडले म्हणजे रात्री कोण जागेल तेही त्यात लिहा."

दादांचा मुलगा बंगळुरास असतो. दादांना मधुमेह आहे. दानपत्राची नोंदणी मागच्या वैशाखात झाली. दुसऱ्या कागदावरील ती ओळ आम्ही अजून भरू शकलेलो नाही. मी माझे नाव लिहिण्यास निघालो तेव्हा वहिनी हसल्या, कारण मी मठात निजतो हे त्यांना माहीत आहे. गेल्या पौर्णिमेपासून आठवड्यातून तीन रात्री घरी निजण्याची परवानगी मी महाराजांकडून मागून घेतली आहे.

आरतीची घंटा झाली. ज्यांना कागदांविषयी काही विचारावयाचे असेल त्यांनी प्रसादानंतर पाठशाळेच्या ओसरीवर यावे. नऊ वाजेपर्यंत मी तेथे आहे.